वादळ ओसरले, आता घाईही ओसरू द्या

शेतकरी बंधू-भगिनींनो, ३ जून २०२० ची दुपार आपल्या किनाऱ्यावरचा माणूस विसरायचा नाही. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढले. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा सुटला. आजोबांनी लावलेल्या आणि बापाने शिंपलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. कौले उडाली, पत्रे शेजाऱ्याच्या परसात जाऊन पडले, विजेचे खांब मोडले. त्यात करोनाची टाळेबंदी. आणि मृग नक्षत्र अवघ्या चार-पाच दिवसांवर आलेले.

संध्याकाळी वारा पडला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण बंधूंनो, वादळ काही तासांचे असते, त्याच्यामागून येणारा धोका पंधरा दिवसांचा असतो. वारा सुटलेला असताना माणूस घाबरलेला असतो, म्हणून जपून राहतो. वारा पडला की भीती जाते आणि घाई येते. ही घाई माणसाला ओल्या पत्र्यावर चढवते, तुटलेल्या तारेजवळ नेते, कललेल्या भिंतीखाली चूल मांडायला लावते. आज लिहायचे आहे ते या घाईबद्दल.

वादळानंतर दोन दिवसांनी मी पंचनाम्याच्या कामाला एका वाडीत गेलो होतो. एका घरावर साठीच्या पुढचे एक काका सिमेंटच्या पत्र्यावर चढलेले. मी खालून हाक मारली, "काका, उतरा. पत्रा ओला आहे." काका वरूनच म्हणाले, "साहेब, पाऊस आला तोंडावर. पोरं अडकली मुंबईला. मी नाही चढणार तर कोण चढणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी मान खाली घालून कागद लिहीत राहिलो. पाचेक मिनिटांत पत्रा तुटला आणि काका थेट माजघरात आले. जीव वाचला, पण कंबर गेली. त्या साली त्यांची लावणी दुसऱ्यांनी केली, आणि आजही ते काठीशिवाय ओटीची पायरी चढत नाहीत. उडालेले पत्रे किती हजारांचे, ते माझ्या कागदावर आले. काकांच्या कमरेला त्या कागदावर रकानाच नव्हता.

तेव्हापासून मी गावोगावच्या बैठकीत एकच सांगतो. वादळानंतरचे पहिले तीन दिवस घर सावरायचे नाहीत, माणसे सांभाळायची. घर त्यानंतर सावरता येते.

वारा थांबला म्हणजे वादळ गेले असे नव्हे

चक्रीवादळाच्या मधोमध शांत भाग असतो, त्याला वादळाचा डोळा म्हणतात. हा डोळा गावावरून जात असेल तर वारा एकदम थांबतो, पाऊस थांबतो, कधी आभाळही उघडते. माणसांना वाटते, सुटलो. मग कोणी गुरे बघायला जातो, कोणी उडालेली ताडपत्री गोळा करायला जातो. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने सुटतो, आणि पहिल्या वाऱ्याने खिळखिळे झालेले झाड, भिंत, पत्रा हे सारे दुसऱ्या वाऱ्यात पडते. म्हणून रेडिओवरून, तहसील कार्यालयाकडून किंवा पोलीस पाटलांकडून "वादळ पुढे गेले" असा निरोप मिळेपर्यंत घराचा उंबरा ओलांडू नका. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक दारामागे खडूने लिहून ठेवा. त्याखाली ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि वीज तक्रारीचा १९१२ हेही लिहा. मोबाइलमध्ये आहेत म्हणू नका. मोबाइलची बॅटरी त्याच दिवशी संपते.

पहिली खबरदारी विजेची

घरात पाणी आले असेल, भिंती ओल्या असतील, तर आधी मेन स्विच बंद. पण मेन स्विचपर्यंत जायला पाण्यातून जावे लागत असेल, तर जाऊ नका, वायरमनला बोलवा. गावात वीज नाही म्हणून तारेत वीज नाही असे समजू नका. लाइन कोणत्या क्षणी चालू होईल हे आपल्याला ठाऊक नसते. शेजारच्या फीडरवरून किंवा कोणाच्या जनरेटरवरून तार जिवंत झालेली असू शकते. तुटून पडलेली तार, कलंडलेला खांब, डीपी, यांच्यापासून किमान दहा मीटर लांब राहा. तारेला फांदी अडकली असेल तर ती फांदीही ओढू नका, ओल्या लाकडातून वीज येते. तार कुंपणावर पडली असेल तर सगळे कुंपण तारच समजा. गुरे सोडण्याआधी गोठ्यापासून पाणवठ्यापर्यंतची वाट डोळ्यांनी तपासा. कितीदा असे होते की आधी म्हैस पडते, आणि तिला सोडवायला धावलेला मालक तिच्यापाठोपाठ पडतो.

कपडे वाळत घालायची लोखंडी तार ही आपल्याकडे घरोघरी असते. एक टोक पत्र्याच्या शेडला, दुसरे खांबाला. सर्व्हिस वायर घासून शेडला चिकटली की ती तार जिवंत होते आणि ओले कपडे घेऊन गेलेली घरची बाई जागीच जाते. वादळानंतर ही तार काढून टाका आणि सुंभाची किंवा नायलॉनची दोरी बांधा. खर्च काहीच नाही.

जनरेटरबद्दल दोन गोष्टी. एक, तो घरात, पडवीत किंवा बंद शेडमध्ये चालवायचा नाही. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो उठू देत नाही. बंद खोलीत पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीचेही तसेच. दुसरी गोष्ट, जनरेटरची वायर घराच्या बोर्डात घालून सगळे घर उजळवायचा उद्योग करू नका. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलटी लाइनवर जाते, डीपीतून तिचा दाब वाढतो, आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो. तो आपल्यासाठीच वर चढलेला असतो, हे ध्यानात ठेवा.

भिंत, छप्पर आणि झाड

आपल्याकडची जुनी घरे चिऱ्याची, जोडाईला माती. ही भिंत पावसात पाणी पिते आणि जड होते. ती वादळातच पडेल असे नाही. दोन दिवसांनी, चार दिवसांनी, कधी ऊन पडल्यावरही बसते. तिची लक्षणे ओळखायला इंजिनियर लागत नाही. कोपऱ्यात नवी भेग, मध्येच फुगवटा, काल नीट लागणारे दार आज घासते, खालून माती गळते, वाशाचे टोक भिंतीतून सरकलेले दिसते. यातले एक जरी दिसले तरी त्या खोलीत झोपायचे नाही, चूल पेटवायची नाही, भिंतीच्या बाहेरून पोरांनी खेळायचे नाही. शाळेत जा, समाजमंदिरात जा, शेजाऱ्याकडे जा. निवाऱ्याला जाण्यात लाज कसली? लाज वाटून माजघरात झोपलेल्यांना ढिगाऱ्याखालून काढावे लागते.

घरात शिरण्याआधी गॅसचा वास घ्या. वास आला तर दिवा, काडी, स्विच यांना हात न लावता दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर या.

छपराविषयी. पहिल्या दिवशी वर चढायचे नाही. खालून, जमिनीवर उभे राहून ताडपत्री टाकता येईल तेवढी टाका. सामान, धान्य, अंथरूण कोरड्या खोलीत हलवा. चढणे भागच असेल तर शेवाळ सुकू द्या, उजेडात चढा, एकटे चढू नका, शिडी दुसऱ्याने धरलेली असू द्या. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवायचाच नाही. खालच्या लोखंडी वा लाकडी आडव्यांवर बसेल अशी जाड फळी टाका आणि फळीवरूनच चाला. कमरेला दोर बांधून तो आढ्याला किंवा पलीकडच्या झाडाला बांधा. वारा असेल तर पत्रा हातात धरून उभे राहू नका, पत्रा शिडासारखा वारा धरतो आणि माणसाला घेऊन जातो.

आता झाड. घरावर पडलेला माड किंवा आंबा हा नुसता आडवा पडलेला नसतो. त्याचे वजन कुठे टेकलेले, कुठे ताणलेले असते. चुकीच्या जागी कोयता किंवा मशीन लागले की ताणलेला बुंधा उसळतो. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात पोर खेळत असेल तर काय होईल ते सांगायला नको. असे झाड कापणे हे जाणत्या माणसाचे काम आहे. मशीन आज भाड्याने आणले आणि आजच शिकलो, असे चालत नाही. अर्धवट लोंबणाऱ्या झावळ्या आणि मोडके शेंडे यांच्या खालून वाट ठेवू नका. विजेची तार झाडात अडकली असेल तर महावितरणचा माणूस येऊन लाइन बंद केल्याशिवाय पहिला घाव घालू नका.

"पण साहेब, बागेचं काय? रोपवाटिकेचं काय?" हा प्रश्न येणारच, आणि तो माझ्या खात्याचा आहे म्हणून उत्तर देतो. कललेल्या लहान माडाची किंवा पोफळीची मुळे उघडी पडली असतील तर त्यांवर ओले गोणपाट टाका, माती लोटा. आधार देऊन उभे करायचे काम दोन-चार दिवसांनी केले तरी चालते. भाताचे रोप चार दिवस उशिरा टाकले तर लावणी चार दिवस उशिरा होईल, पीक बुडणार नाही. बियाणे भिजले असेल तर सावलीत पसरून सुकवा आणि शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. ऐंशी उगवले तर बियाणे चांगले. शेती चार दिवस थांबते. तुटलेली तार आणि फुगलेली भिंत थांबत नाही.

पाणी, साप आणि औषधांचे डबे

वादळाचे आणि पुराचे पाणी विहिरीत गेले असेल तर ते पाणी दिसायला स्वच्छ असले तरी प्यायचे नाही. आधी टीसीएल पावडर. किती टाकायची? गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, म्हणजे लिटर आले. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर सुमारे १४,००० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने ७० ग्रॅम पावडर लागेल. ती थेट विहिरीत फेकायची नाही. बादलीत कालवायची, चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी विहिरीत सोडून ढवळायचे. तासाभराने जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी करून घ्या. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन उतरले, नाही झाले तर मात्रा कमी पडली. तोवर, आणि त्यानंतरही काही दिवस, खळखळ उकळलेलेच पाणी प्या.

साचलेल्या पाण्यात उंदरा-गुरांचे मूत्र मिसळते. पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोचे जंतू शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या तापाने माणसे गेली. चिखलात उतरताना गमबूट घाला, जखम झाकून ठेवा, घरी आल्यावर साबणाने पाय धुवा. ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर "अंगावर काढतो" म्हणू नका. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि "चिखलात काम केले होते" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आशाताई गोळ्या घेऊन आल्या तर परत पाठवू नका.

बिळात पाणी गेले की साप कोरडी जागा शोधतो, आणि आपले माजघर कोरडे असते. कौलांचा ढीग, चिऱ्यांचा ढीग, भिजलेली लाकडे यांत हात घालण्याआधी काठीने हलवा. फुरसे पाचोळ्यात असते. मण्यार रात्री अंथरुणात येते आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही, सकाळी पोटात दुखते आणि पापण्या जड होतात तेव्हा कळते. जमिनीवर झोपू नका. झोपावेच लागले तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. साप चावला तर दोरीने आवळायचे नाही, ब्लेडने चिरायचे नाही, मांत्रिकाकडे जायचे नाही. हात किंवा पाय मोडल्यासारखा फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचे. विंचवाचेही तसेच. आपल्याच महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि त्यांचे काम जगभर पोचले. औषध आहे, वेळेवर पोचायचे काम आपले.

शेवटी माळ्यावरची कीटकनाशके. वादळात डबे पडतात, फुटतात, भाताच्या कणगीत गळतात. ज्या धान्याला औषधाचा वास येतो ते माणसाला नको, कोंबडीलाही नको, खड्डा करून पुरा. रंग लावलेले बियाणे उपासमार आली तरी शिजवू नका. बुरशी आलेले धान्य धुऊन चांगले होत नाही.

पंचनाम्याची भीती

आता गावच्या अधिकारी मंडळींशी थोडे बोलतो, त्यात मीही आलो. त्याच दौऱ्यात एका घरी स्वयंपाकघराची भिंत चांगली वीतभर बाहेर आलेली आणि तिच्याखाली चूल चालू. मी विचारले, ही भिंत उतरवली का नाही? घरच्या वहिनी म्हणाल्या, "पंचनामा होईस्तोवर हात लावू नका असं सांगितलंय ना." कोणी सांगितले, ते त्यांना नीट सांगता येईना. बहुधा कोणीच नसेल, एकाने दुसऱ्याला सांगितले असेल. चौथ्या रात्री ती भिंत पडली. माणसे त्या वेळी ओटीवर झोपलेली होती म्हणून वाचली, भांडी तेवढी गेली.

हे घर अपवाद नव्हते. मदत बुडेल या भीतीने लोक मोडक्या घरात, पडक्या भिंतीशेजारी, तारेत अडकलेल्या झाडाखाली दिवस काढतात. यात लोकांची चूक थोडी आणि आपली जास्त. वारा पडल्याबरोबर दवंडी पिटून, देवळाच्या भोंग्यावरून एकच गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे की धोकादायक भिंत उतरवा, धोक्याचे झाड जाणत्याकडून हटवून घ्या, मात्र आधी फोटो काढा. फोटोत घर ओळखू येईल असा एक, आणि नुकसान जवळून दिसेल असे दोन. मोबाइल बंद असेल तर दोन शेजारी आणि पोलीस पाटील यांच्या सह्यांनी साध्या कागदावर नोंद करून ठेवा. तलाठी भाऊसाहेबांनी (आता हुद्द्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले, पण गावाच्या तोंडी तलाठीच) आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा कागद, हे फोटो पुरावा म्हणून घ्यावेत, आणि तसे आदेश तहसीलदारांनी पावसाळ्याआधीच लेखी द्यावेत. वादळ आल्यावर आदेश शोधत बसलो तर तो मिळेपर्यंत भिंत पडलेली असते.

दुसरे काम छपराचे. "वर चढू नका" असे नुसते सांगून भागत नाही, हे मला त्या काकांनी शिकवले. ज्या घरात म्हातारी माणसे एकटी आहेत, ज्यांची मुले मुंबई-पुण्याला आहेत, अशा घरांची यादी ग्रामपंचायतीकडे मे महिन्यातच हवी. गावातले सुतार, गवंडी, झाड कापणारे, वायरमनचे हाताखालचे, यांचीही यादी हवी. पंधरा-वीस ताडपत्र्या, दोर आणि दोन चांगल्या शिड्या ग्रामपंचायतीच्या खोलीत असाव्यात. निसर्गनंतर पत्र्यांचा तुटवडा झाला होता हे आठवा. पहिल्या दोन दिवसांत या यादीतल्या घरांवर तरुण पोरांनी ताडपत्री घातली, तर कोणा म्हाताऱ्याला पत्र्यावर चढायची वेळ येणार नाही. यासाठी मोठा निधी लागत नाही. एक ग्रामसभा आणि एक वही लागते.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे अर्ज आमच्याच खात्याकडे येतात. विजेचा धक्का, उंचावरून पडणे, सर्पदंश ही त्यातली नेहमीची कारणे. घरचा माणूस गेला तर कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. शासनाने ही सोय केली हे चांगलेच आहे. पण असा अर्ज भरून घ्यायला बसले की समोरची बाई सही कुठे करायची एवढेच विचारते, आणि आपल्याला दुसरे काही सुचत नाही. असे अर्ज कमी यावेत यासाठीच हा खटाटोप.

बंधूंनो, २००९ ला फयान आले, २०२० ला निसर्ग, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. पुढचे कधी येईल ते हवामान खाते दोन-चार दिवस आधी सांगेल. ते गेल्यावर काय करायचे ते मात्र आपण आजच ठरवायचे आहे. या आठवड्यात संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना ओटीवर बसवा. मेन स्विच कोण बंद करणार, म्हातारीला कोण कुठे नेणार, गुरे कोण सोडणार, आणि पत्र्यावर कोणी चढायचे नाही, हे ठरवून टाका. दारामागे चार नंबर लिहा. लोखंडी तार काढून दोरी बांधा. पत्रा पुन्हा घालता येतो, माड पुन्हा लावता येतो. घरची माणसे तेवढी जागच्या जागी राहू द्या.